एसी दुरुस्तीचं बिल : किती खरं, किती हवा?

कळव्याचा_कावळा (धागाकर्ता)
१६ एप्रिल, रात्री ९.४०

बेडरूममधला दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट. तीन स्टार, गॅस आर-३२, घेऊन सहावं वर्ष. मागच्या मे महिन्यात थंड करेनासा झाला तेव्हा नाक्यावरच्या एसीवाल्याने "गॅस संपलाय" म्हणत ₹२,८०० घेतले आणि गॅस भरून दिला. तो उन्हाळा निघाला. यंदा पाडव्यानंतर चालू केला तर नुसता पंखा.

या वेळी म्हटलं, कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला बोलवू. मुलगा आला, पाइपला गेज (दाब मोजायचं मीटर) लावलं, मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि एस्टिमेट पाठवून दिलं. जसंच्या तसं देतो: कूलिंग कॉइल ७,८००, गॅस ३,३००, मजुरी १,२००, पीसीबी म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड ("वीक आहे सर, आत्ताच बदलून घ्या") ६,९००. झाले १९,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,४५६. एकूण २२,६५६. व्हिजिटचे पाचशे अधिक जीएसटी त्याने जाताना घेतलेच.

मुलगा पंधरा-वीस मिनिटांत आला आणि गेला. एवढ्या वेळात कॉइलही गेलेलं कळलं आणि पीसीबीही?

प्रश्न सरळ आहेत. दर योग्य आहेत का? एवढे घालण्यापेक्षा नवीन घ्यावा का? आणि ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याने मेकॅनिकला नेमकं काय विचारायचं, म्हणजे आपलं गिऱ्हाईक होणार नाही?

---

पाणीपुरी_विदाउट_पाणी
१६ एप्रिल, रात्री ९.५२

पीसीबी 'वीक' आहे? बी-कॉम्प्लेक्स देऊन बघा. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

---

नागपुरी_ऊन
१६ एप्रिल, रात्री १०.०५

म्हणून सांगतो, कूलर घ्या ना जी. मार्च संपला की कूलर उतरवायचा, टाकी घासायची, ताट्या बदलायच्या, पंपाला दोन थपडा मारायच्या. झालं वर्षाचं मेंटेनन्स. गॅस नाही, पीसीबी नाही, जीएसटीचं बिल तर नाहीच नाही.

(माहीत आहे, तुमच्या दमट हवेत चालत नाही. पण जळवायला काय जातं?)

---

गेज_मॅनिफोल्ड
१६ एप्रिल, रात्री ११.२०

नाशिकला रेफ्रिजरेशनचा धंदा आहे. आयटीआय केलं आणि याच कामात केस पांढरे झाले, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

कावळेसाहेब, एसीतला गॅस 'संपत' नाही. तो जळत नाही, झिजत नाही. कॉम्प्रेसर, बाहेरचं कॉइल, आतलं कॉइल आणि मधले तांब्याचे पाइप असा बंद फेरा आहे, त्यात तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळतोय. मागच्या वर्षी ज्याने नुसता भरून दिला त्याने पंक्चर न काढता हवा मारली. ती वर्षभर टिकली हे तुमचं नशीब.

नीट काम कसं होतं? उरलेला गॅस काढायचा, लाइनमध्ये दाबाने कोरडा नायट्रोजन भरायचा आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. मोठी गळती लगेच बुडबुडे फुगवते. बारीक असेल तर बराच वेळ काही दिसत नाही, मग एकाच जागी मोहरीएवढा पांढरा फेस जमतो, पुसला तरी पुन्हा तिथेच येतो. जागा सापडली की दुरुस्ती. मग व्हॅक्यूम पंप लावून किमान अर्धा तास आतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस भरायचा. किती ग्रॅम ते बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर छापलेलं असतं. दीड टनाला आर-३२ साधारण पाऊण ते एक किलो.

गेज बघून अंदाजाने भरायची सवय आर-२२ या जुन्या गॅसच्या जमान्यातली. तेव्हा चालू एसीला ६०-७० पीएसआय दिसलं की झालं. आर-३२ चा दाब जवळपास दुप्पट, शिवाय इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो, त्यामुळे आकडा नाचत असतो. ज्याच्याकडे काटा नाही त्याला आर-३२ भरू देऊ नका.

या सगळ्याला दोन-अडीच तास जातात. पंधरा मिनिटांत कॉइल गेलं सांगणाऱ्याने एक गोष्ट पाहिली असू शकते: तेलाचा डाग. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, त्यावर धूळ बसून चिकट काळपट ठिपका होतो. त्याला म्हणा, डाग दाखव. दाखवला तर तो काम जाणतो.

दरांबद्दल: आमच्याकडे साधी सर्व्हिस ६००. गळती शोधून, व्हॅक्यूम करून पूर्ण गॅस ३,००० ते ३,५००. फ्लेअर नटाचा जोड (पाइपचं तोंड फुलवून नटाने आवळलेला) कापून नवा करायचा तर ५०० वर. तुमचा गॅस आणि मजुरी मला गैर वाटत नाही. कॉइलचा भाव ब्रँडवर असतो. पीसीबीवर मात्र प्रश्नचिन्ह. इन्व्हर्टर एसी बिघाडाचा एरर कोड दाखवतो. कोणता कोड आला होता ते विचारा. आणि गॅस कमी असतानाही काही एसी कोड दाखवून बंद पडतात, तो पीसीबीचा दोष नसतो. आधी गॅसचं काम, मग पीसीबीचा विचार.

---

शेंगदाणा_चटणी
१६ एप्रिल, रात्री ११.३१

वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. धन्यवाद गेजकाका.

---

उंटावरून_शेळ्या
१७ एप्रिल, सकाळी ७.१५

मी उलट सांगतो. सहा वर्षांच्या एसीवर बावीस हजार घालणं हा शुद्ध वेडेपणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. दीड टन तीन स्टार इन्व्हर्टर ३४-३८ हजारांत येतो, जुन्याचे एक्स्चेंजमध्ये दोन-तीन हजार मिळतात, वर नवी वॉरंटी. दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली की मी बघतही नाही. नायट्रोजन, साबणाचे बुडबुडे हे ज्यांना रविवार घालवायचाय त्यांच्यासाठी.

---

मीठभाकर
१७ एप्रिल, सकाळी ८.०२

शेळ्या, नवीन घेतलात म्हणजे प्रश्न सुटला असं कुठे आहे? जुना कशामुळे गेला ते न शोधता नवा त्याच भिंतीवर लावलात तर तोही तसाच जाईल.

आम्ही रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. आमच्याकडचा पहिला एसी. बाहेरच्या युनिटच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्या बोटाने दाबल्या की भुगा होऊन हातात यायच्या. खारा वारा. पत्र्या गेल्या की उष्णता बाहेर जात नाही, कॉम्प्रेसर तापतो, वीज जास्त खातो आणि एक दिवस बसतो. दुसऱ्या वेळी गंजरोधक लेप असलेलं कॉइल बघून घेतला आणि बाहेरचं युनिट वाऱ्याच्या तोंडावरून काढून घराच्या मागच्या अंगाला नेलं. पाइप लांबला, तांब्याचे मीटरमागे वेगळे पैसे पडले, पण ते एकदाच. महिन्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने बाहेरचं कॉइल धुते. मेन स्विच बंद करून, नळी हळू सोडून. त्याला मेकॅनिक लागत नाही.

कावळेदादा, तुमच्याकडे खाडी जवळ आहे का?

---

कळव्याचा_कावळा
१७ एप्रिल, सकाळी ८.४०

खाडी थोडी लांब, पण बिल्डिंगच्या मागे नाला आहे. बेडरूमची खिडकी त्याच बाजूला. वास येतो म्हणून खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून एसी.

---

गेज_मॅनिफोल्ड
१७ एप्रिल, सकाळी ९.१०

नाला! हे आधी सांगायचं ना. सांडपाण्याच्या नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच. तो तांब्याला खातो. पाइप काळा पडतो, मग सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. आतल्या कॉइललाच बहुतेक वेळा पडतात, कारण ते सतत ओलं असतं आणि खोलीतली तीच हवा त्यावरून फिरते. अशा घरांत टीव्ही आणि फ्रिजचे पीसीबीही लवकर जातात.

म्हणजे तो मुलगा कॉइलबाबत बरोबर असण्याची शक्यता मी आता वाढवतो. तरी डाग बघाच.

---

मधल्या_वेळचा_चहा
१७ एप्रिल, दुपारी १.१५

कॉम्प्रेसरची एक गंमत. आमच्या दुकानातला जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी. बाहेरचा पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर नुसता 'हुंम्म' करतोय आणि काही सेकंदांत गप्प. आलेला म्हणाला, कॉम्प्रेसर जाम, चौदा हजार. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने कव्हर उघडलं, तर कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग) वरून फुगलेला, झाकण घुमटासारखं वर आलेलं. ५० मायक्रोफॅरडचा नवा टाकला, साडेतीनशे रुपये. एसी अजून चालू आहे.

---

गेज_मॅनिफोल्ड
१७ एप्रिल, दुपारी १.४०

बरोबर, कपॅसिटर ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त लपवली जाणारी वस्तू. मात्र धागाकर्त्याच्या एसीत कॉम्प्रेसरसाठी असा कपॅसिटर नसतोच, इन्व्हर्टरमध्ये ते काम पीसीबी करतो. तेव्हा इन्व्हर्टर एसीच्या बिलात 'कॉम्प्रेसर कपॅसिटर' दिसला तर बिल लिहिणाऱ्याला तो दाखवायला सांगा.

---

ह्यूस्टनवासी
१७ एप्रिल, दुपारी ३.०५

साडेतीनशे रुपये! इथे टेक्सासात तोच कपॅसिटर बदलायला जुलैत मी अडीचशे डॉलर मोजले. वस्तूची किंमत वीस-पंचवीस डॉलर, बाकी त्याचं येणं, लायसन्स, विमा. इथे गॅस विकत घ्यायलाही सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे स्वतः गॅस भरायची सोय नाही. २०२५ पासून घरगुती वापराचे आर-४१०ए वाले नवे एसी बनवणं बंद झालंय, त्यामुळे जुन्यांच्या गॅसचे भाव वर चाललेत. पूर्ण घराचा एसी बदलायचा म्हटलं तर आकडा ऐकून कॉम्प्रेसरऐवजी माणूसच बसतो.

---

जुनं_ते_सोनं
१७ एप्रिल, दुपारी ४.२०

मग माझ्या विंडो एसीचं काय? आर-२२ आहे, २०११ चा. तेव्हापासून गॅस भरलेला नाही.

---

गेज_मॅनिफोल्ड
१७ एप्रिल, दुपारी ४.५५

विंडोचं तेच सुख. सगळं एका डब्यात, सगळे जोड कारखान्यात ब्रेझिंग केलेले (धातू वितळवून पक्के जोडलेले), घरी येऊन कुणी नट आवळत नाही. स्प्लिटमध्ये गळती बहुधा बसवणाऱ्याच्या हातून आलेली असते, फ्लेअर वाकडा, नट जास्त आवळलेला. तुमचा चालतोय तोवर हात लावू नका. आर-२२ ओझोनला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार हद्दपार होतोय, भारतात २०३० पर्यंत. गॅस अजून मिळतो, पण मोठा बिघाड झाला तर त्यावर पैसे घालू नका.

आणि एक धोक्याची सूचना. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, आर-२९० तर चक्क प्रोपेन. लाइनमध्ये हवा शिरलेली असताना कॉम्प्रेसर चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला गेलं की कॉम्प्रेसर फुटतो, माणसं गेली आहेत. बंद गॅलरीत सिगारेट ओढत गॅसचं काम करणारा दिसला तर त्याला हाकला. आणि आर-२२ च्या एसीत 'हा नवा गॅस भरतो, स्वस्त पडेल' म्हणणाऱ्यालाही.

---

सोळावर_ठेव
१७ एप्रिल, सायंकाळी ६.००

अवांतर: १६ वर ठेवला की खोली लवकर थंड होते की नाही? घरात यावरून महायुद्ध चालू आहे.

---

पाणीपुरी_विदाउट_पाणी
१७ एप्रिल, सायंकाळी ६.०४

आयडी बघून उत्तर अपेक्षित नसावं.

---

गृहकृत्यदक्ष_वगैरे
१७ एप्रिल, सायंकाळी ६.३०

नाही होत. २४ वर ठेवला तरी गरम खोलीत इन्व्हर्टर सुरुवातीला पूर्ण जोरानेच धावतो. १६ वर ठेवला तर २४ ला मंदावायच्या ऐवजी धावतच राहतो, एवढाच फरक, तो महावितरणच्या बिलात दिसतो. २०२० पासून नवे एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर सुरू होतात, ते उगाच नाही.

मूळ विषयावर. एएमसी (वर्षभराचा देखभालीचा करार) घेताना 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' आणि 'नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह' नीट बघा. दुसऱ्यात फक्त येणं आणि धुणं, पार्ट आणि गॅसचे पैसे तुमचेच. पहिल्यातही खाली बारीक अक्षरांत प्लास्टिकचे भाग, रिमोट, कधी कधी कॉइल वगळलेलं असतं. आणि 'कॉम्प्रेसरवर १० वर्षं वॉरंटी' या स्टिकरवर मी मुळीच भाळत नाही. आमचा कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला तेव्हा कॉम्प्रेसर फुकट, पण गॅस, मजुरी, येणंजाणं, ब्रेझिंग मिळून पाच हजारांवर बिल आलं. कार्डावर तसं लिहिलेलंच होतं.

तिसरं, कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून फोन करू नका. माझ्या जावेने केला, पलीकडच्याने गोड बोलून दहा रुपयांची लिंक पाठवली आणि खातं साफ. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा एसीच्या अंगावरच्या स्टिकरवरूनच घ्यायचा.

---

टापकीर_गल्ली
१७ एप्रिल, रात्री ८.४५

पीसीबीबद्दल. पुण्यात सिंहगड रोडला राहतो, गेल्या पावसाळ्यात बाहेरच्या युनिटचा पीसीबी गेला. कंपनीने ९,४०० सांगितले. उघडून बघितलं तर पीसीबीच्या डब्यात पाल. वाळून कोळ झालेली, दोन पाय एका टर्मिनलवर आणि शेपटी दुसऱ्यावर, मधल्या पट्टीवर काळा चटका. ऊब शोधत येतात, वायरच्या भोकातून शिरतात.

बोर्ड काढून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने जळलेले पार्ट बदलले, ट्रॅक जोडला, वर लॅकर मारलं. २,४०० रुपये, तीन महिन्यांची गॅरंटी. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडला अशी माणसं मिळतील. कंपनीवाले बोर्ड दुरुस्त करत नाहीत, सरळ बदलतात. वॉरंटीत असेल तर अर्थातच बाहेर देऊ नका, वॉरंटी जाते. आणि वायरच्या भोकात एसीबरोबर येतं ते लांबीसारखं पुट्टी भरून घ्या. बसवणारे घाईत विसरतात.

---

उंटावरून_शेळ्या
१७ एप्रिल, रात्री ९.१०

दुरुस्त केलेला बोर्ड किती टिकला?

---

टापकीर_गल्ली
१७ एप्रिल, रात्री ९.१२

अजून चालतोय. तुमच्या सल्ल्याने ३५ हजार घातले असते तर पालीला नवीन घर मिळालं असतं.

---

नवव्या_मजल्यावरून
१८ एप्रिल, सकाळी ७.५०

दरांच्या चर्चेत एक खर्च कुणीच धरला नाही. बाहेरचं युनिट कुठे आहे? आमच्या टॉवरमध्ये बिल्डरने एसीसाठी कट्टा ठेवला, पण त्यावर जायला वाट ठेवली नाही. पहिल्याने बसवताना खिडकीचं ग्रिल काढून बसवलं. आता साधी सर्व्हिस म्हटली तरी मेकॅनिक आधी खाली वाकून बघतो आणि मग दर सांगतो. बेल्ट लावून उतरणारा पंधराशे जादा घेतो. एक जण बेल्टशिवाय पाय टाकायला निघाला होता, मीच दंड धरून आत ओढला. त्याला म्हटलं, तू पडलास तर आमचा एसी राहू दे, मला झोप लागणार नाही.

नवीन बसवताना बाहेरचं युनिट हात पोचेल अशा जागी लावा. सोसायटी दर्शनी भागाचं सौंदर्य वगैरे सांगेल. भांडा.

---

मुलुंडची_मावशी
१८ एप्रिल, सकाळी १०.३५

हे मेकॅनिक लोक एक नंबरचे लबाड, हे एका वाक्यात का लिहीत नाही कुणी? माझ्यासमोर एकाने गेज लावताना व्हॉल्व्हची पिन दाबून फुस्स करून गॅस सोडला आणि मग म्हणाला, बघा मॅडम, प्रेशर कमी आहे.

---

गेज_मॅनिफोल्ड
१८ एप्रिल, सकाळी ११.१५

मावशी, असे आहेत, नाकारत नाही. म्हणूनच गेज लावताना समोर उभं राहायचं. पाइप लावताना-काढताना चुटकीसरशी फुस्स होतं ते चालतं, सेकंदभराच्या वर आवाज आला तर विचारायचं.

पण दुसरी बाजूही ऐका. एप्रिल-मे सोडला तर आमचं वर्ष कोरडं. या दोन महिन्यांत पोरं दिवसाला सात-आठ कॉल करतात, पत्र्यावर उन्हात, आणि जेवण मोटरसायकलवर. तुम्हाला नायट्रोजन टेस्ट हवी, व्हॅक्यूम हवा, काटा हवा, आणि दर हवा नुसता गॅस भरणाऱ्याचा. मी ३,४०० सांगितले की समोरचा म्हणतो, तो नाक्यावरचा अठराशेत करतो. मग करा त्याच्याकडून. पुढच्या वर्षी पुन्हा अठराशे. कंपनीच्या पोरांवर तर पार्ट विकायचा दबाव असतो, 'वीक पीसीबी' तिथूनच येतो. त्यांना पगार किती मिळतो तेही विचारा कधीतरी.

फेब्रुवारीत बोलवा. दर कमी, माणूस निवांत, पार्ट मिळतात.

---

मुलुंडची_मावशी
१८ एप्रिल, सकाळी ११.४०

फेब्रुवारीत आठवण कुणाला होते हो? तुम्हीच फोन करत जा.

---

कायद्याचं_बोला
१८ एप्रिल, दुपारी १२.२०

तीनच गोष्टी. एक, जीएसटी लावला असेल तर त्याचा क्रमांक असलेलं पक्कं बिल मागा. कागदावर 'टॅक्स एक्स्ट्रा' आणि क्रमांक नाही, असं असेल तर तो कर नाही, त्याचा चहा आहे. दोन, वॉरंटीत टोलवाटोलवी होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळदा एवढ्यानेही कंपनी हलते. तीन, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण दोन वर्षांच्या आत. केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, काही कंपन्यांची पार्ट आणि सर्व्हिसची माहिती तिथे मिळते.

---

कळव्याचा_कावळा
२२ एप्रिल, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार. घडामोड सांगतो.

सर्व्हिस सेंटरला फोन करून म्हटलं, एरर कोड कोणता आला ते लेखी द्या आणि गळती कुठे आहे ते दाखवा, मग काम देतो. या वेळी दुसरा, वयाने मोठा माणूस आला. आतल्या युनिटचं पुढचं कव्हर काढून टॉर्च मारली. कॉइलच्या डाव्या कडेला, जिथे तांब्याचे वळसे दिसतात तिथे, तीन-चार वळसे चक्क काळे पडलेले आणि एकाच्या पोटाखाली तेलाचा ओघळ. त्यावर साबणाचं पाणी लावलं, नायट्रोजन सोडला. गेजभाऊ म्हणाले तसाच मोहरीएवढा फेस, पुसला की पुन्हा. मी व्हिडिओ काढलाय.

म्हणजे कॉइल खरंच गेलंय. पीसीबीबद्दल विचारलं तर मान हलवत म्हणाला, कोड काहीच नाही, तो कुणी लिहिला मला माहीत नाही, काढून टाकतो. ब्रेझिंग करून भोक बुजवता येईल का? म्हणाला, येईल, पण पाइपच पातळ झालाय, शेजारी दुसरं पडेल, मी गॅरंटी देणार नाही.

कॉइल बदललं. कॉइल, गॅस, मजुरी आणि जीएसटी मिळून १४,५१४. व्हॅक्यूम चाळीस मिनिटं चालला, गॅस काट्यावर भरला, स्टिकरवरचाच आकडा. शेळ्यासाहेबांचा हिशोबही केला होता. नवा घेतला तरी नाला तिथेच, मग नव्याचंही कॉइल तेच भोगणार. निदान या बाहेरच्या युनिटचा कॉम्प्रेसर अजून वॉरंटीत आहे.

आता प्रश्न पुढचा: नव्या कॉइलवर लेप मारून घ्यावा का?

---

उंटावरून_शेळ्या
२२ एप्रिल, रात्री १०.३०

म्हणजे मागच्या वर्षीचे २,८००, व्हिजिटचे ५९० आणि हे १४,५१४. सतरा हजार नऊशे चार. निम्म्यावर गेलाच ना?

---

शेंगदाणा_चटणी
२२ एप्रिल, रात्री १०.३४

शेळ्या, झोपा आता.

---

गेज_मॅनिफोल्ड
२३ एप्रिल, सकाळी ८.२०

लेप कारखान्यातून आला तर चांगला. घरी स्प्रे मारणारे पत्र्यांवर मारतात, आतल्या वळशांपर्यंत पोचत नाही, आणि जाड बसला तर थंडावा कमी होतो. कॉइलचे उघडे वळसे आणि जोड तेवढे ब्रशने लेपून घ्या, ते करण्यासारखं आहे. त्याहून उपयोगाचं म्हणजे नाल्याची हवा आत येऊ न देणं. खिडकीच्या फटींना रबर लावा. ड्रेन पाइपचं तोंड कुठे सोडलंय बघा. ते गटाराच्या पाइपात घुसवलेलं असेल तर तोच वास सरळ कॉइलवर येतो. तसं असेल तर आजच बाहेर काढा.

आणि जुनं कॉइल ठेवून घेतलंत का? तांबं आहे त्यात.

---

कळव्याचा_कावळा
२३ एप्रिल, सकाळी ९.०५

ड्रेन पाइप बाथरूमच्या पाइपात खोचलेला सापडला! काढला. कॉइल तो घेऊन गेला.

---

नागपुरी_ऊन
२३ एप्रिल, सकाळी ९.०७

कूलरच्या ताट्या कोणी नेत नाही बरं.

---

मधल्या_वेळचा_चहा
२३ एप्रिल, सकाळी ११.४५

गेजकाका, तुम्ही इथे आहात तोवर विचारून घेतो. आमच्या दुकानाच्या गच्चीवर बाहेरचं युनिट भर उन्हात आहे. वर पत्र्याची शेड टाकली तर चालेल ना?

---

गेज_मॅनिफोल्ड
२३ एप्रिल, दुपारी २.३०

चालेल, पण दोन फूट उंच ठेवा आणि पुढची बाजू पूर्ण उघडी. गरम हवा पुढून फेकली जाते, ती अडली आणि मागून पुन्हा आत ओढली गेली तर उन्हापेक्षा वाईट. मागेही वीतभर जागा सोडा. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, गेल्या आठवड्यात असाच एक ताडपत्रीत बांधलेला चालू एसी सोडवून आलोय.